चैत्राचं माप

फाल्गुन लागला की कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर पळस आणि पांगारा पेटतात, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि मराठी गद्याला वसंत ऋतू आठवतो. शेतकऱ्याला मात्र या दिवसांत पाऊस आठवत असतो. उल्हास नदीच्या काठची, आता कर्जत नगरपरिषदेत सामील झालेली दहिवली घ्या, नाहीतर तिच्या आसपासची कुठलीही वाडी घ्या. इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेमतेम चार महिन्यांत कोसळतो, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांतली निम्मी कामं त्या चार महिन्यांच्या धाकानं होतात. कवळ तोडायची, पातेरा गोळा करायचा, राब भाजायचा, पेंढा रचायचा, लाकूडफाटा आडोशाला न्यायचा, शेणखत शेतात टाकायचं, छपराची कौलं चाळायची. फाल्गुन ते वैशाख हा इथे बेगमीचा काळ आहे. या काळात ज्या घरी जनावरं असतात त्यांना दुहेरी तोंड द्यावं लागतं. एका बाजूला चाळिशीला टेकणारा पारा आणि आटत चाललेलं पाणी, दुसऱ्या बाजूला येऊ घातलेला मृग. गाय-म्हैस, शेळी, कोंबडी या सगळ्यांना हे लागू आहेच. पण ज्या जनावराच्या बाबतीत हा ऋतू सर्वांत कठोर परीक्षा घेतो, ते म्हणजे डुक्कर.

वराहपालन हा जोडधंदा म्हणून अलीकडे पुन्हा बोलला जातो. पिल्लं भरपूर, वाढ झपाट्याची, खाद्याच्या मानानं मांस अधिक, मुंबई-वसईची बाजारपेठ जवळ आणि वर सरकारी अनुदान, असा त्याचा हिशेब मांडतात. हिशेब चुकीचा नाही. पण ‘किती डुकरं पाळावीत’ या प्रश्नाचं उत्तर त्यात नेहमी भांडवलावरून काढलेलं असतं. माझं म्हणणं असं की एका कुटुंबानं किती माद्या पाळाव्यात हे बँक ठरवू शकत नाही आणि बाजारही ठरवू शकत नाही. ते चैत्र ठरवतो. चैत्र-वैशाखाच्या भर उन्हात जितक्या जनावरांना सावली, पाणी आणि माणसाचा हात पुरवता येईल आणि ज्यांचं खत मृगाआधी आपल्याच जमिनीत जिरवता येईल, तितकीच जनावरं त्या कुटुंबाची. त्यापुढची प्रत्येक मादी कोणाच्या तरी डोक्यावर बसते: शेजाऱ्याच्या नाकावर, नदीच्या पाण्यावर, घरातल्या बाईच्या पाठीवर, नाहीतर खुद्द त्या जनावराच्या जिवावर.

सुरुवात वेळापत्रकापासून करू. डुकरीण ११४ दिवस गाभण राहते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस हा जगभरच्या डुक्करपाळ्यांचा तोंडी हिशेब आहे. भाताची झोडणी उरकून घरात कोंडा आणि कणी मुबलक झाली की कार्तिकात मादी नराला दाखवायची, म्हणजे ती फाल्गुनात व्यायते. फाल्गुनात जन्मलेलं पिल्लू नऊ-दहा महिन्यांनी, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर, ऐंशी-नव्वद किलोचं होतं. वसई, उत्तन, मुंबईतली ईस्ट इंडियन घरं आणि गोवेकर कुटुंबं यांच्याकडे डुकराच्या मांसाला खरी मागणी तेव्हाच असते. उलट फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ख्रिस्ती उपवासकाळाचे चाळीस दिवस येतात, अनेक घरांत मांस वर्ज्य असतं, बाजार थंडावतो आणि ईस्टरला पुन्हा उठतो. म्हणजे वसंतात विकायचं कमी आणि वाढवायचं जास्त. शिवाय वैशाखात दूध तुटलेली पिल्लं पावसाची ओल लागायच्या आत अंगानं सावरतात. कोंडा, बाजार आणि पाऊस या तिघांनी मिळून वेत फाल्गुनात आणून ठेवलं आहे. ही सोय खरी, पण तिची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते, कारण मादी नेमकी दुधावर असते तेव्हाच पारा चढत जातो.

ही किंमत काय असते ते व्यायलेल्या मादीच्या कप्प्यात दिसतं. पिल्लू जन्मतं तेव्हा सव्वा-दीड किलोचं असतं, अंगावर केस जवळपास नाहीत, कातडीखाली चरबी नाही. त्याला पहिल्या दिवसांत बत्तीस-चौतीस अंशांची ऊब लागते. त्याच्या आईला मात्र वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि पारा पंचविशीच्या वर गेला की तिचं खाणं उतरतं, खाणं उतरलं की दूध उतरतं. एकाच कप्प्यात दोन हवामानं राखायची असतात. कोपऱ्यात पेंढा आणि गोणपाट घालून, वर बल्ब टांगून पिल्लांची जागा करायची; मादीकडच्या बाजूला ओलं गोणपाट, वारा आणि वरून पाण्याची धार. भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर एक आडवा दांडा बसवायचा, कारण मादी आडवी होताना भिंतीला टेकत सरकते आणि तिच्या अंगाखाली पिल्लू चिरडणं हे कोवळ्या पिल्लांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. दांडा असला की त्यामागे पिल्लाला निसटायला फट राहते. वेण सुरू झाल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पिल्लू, असं तीन-चार तास चालतं, बहुधा रात्री. प्रत्येकाचं नाक-तोंड पुसायचं, नाळ दोऱ्यानं बांधून कापायची, आयोडीन लावायचं आणि चीक पाजायला सडाशी न्यायचं. आईच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते चुकलं की पिल्लं पांढरीफटक पडून दगावतात.

त्या सडांपाशी थोडा वेळ थांबण्यासारखं आहे. पुढच्या सडांना दूध अधिक, मागच्यांना कमी. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं भांडून आपापला सड ठरवतात आणि मग दूध तुटेपर्यंत बहुतेक तोच धरतात. मादी साधारण तासाभरानं एका लयीत हुंकारू लागते, हुंकार जलद होत जातो आणि मग जेमतेम वीस सेकंद दूध सुटतं. त्या वीस सेकंदांत जे पिल्लू सडाशी नाही ते पुढच्या तासापर्यंत उपाशी. सर्वांत लहान पिल्लू मागच्या सडाशी ढकललं गेलेलं असतं, तेच थंडीनं आणि भुकेनं आधी जातं. त्याला उचलून वेळेवर लावायला, किंवा जिचं वेत लहान आहे अशा दुसऱ्या मादीखाली सोडायला माणूस तिथे असावा लागतो, आणि त्या माणसाला प्रत्येक मादी ओळखू यावी लागते. एका आठवड्यात दोन माद्या व्यायल्या तर चार माणसांचं घर पाळीपाळीनं रात्र जागून हे करू शकतं. दहा व्यायल्या तर तेच घर सकाळी फक्त मेलेली पिल्लं वेचतं. नुसती संख्या पाहिली तर माद्या पाचपट झाल्या की पिल्लं पाचपट व्हायला हवीत. प्रत्यक्षात हात तेवढेच राहिले तर जगणारी पिल्लं त्या प्रमाणात वाढत नाहीत. हे पहिलं माप, हातांचं.

दुसरं माप पाण्याचं. डुकराला घाम जवळपास येत नाही. म्हैस डबक्यात बसते तेव्हा तिला कोणी घाणेरडी म्हणत नाही. डुक्कर चिखलात लोळतं तेही त्याच कारणासाठी, अंगावरचा ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो म्हणून. नुसत्या पाण्यापेक्षा चिखल हा ओलावा जास्त वेळ धरतो, आणि गोऱ्या कातडीच्या यॉर्कशायर जातीला तो उन्हाच्या चटक्यापासूनही वाचवतो. जागा पुरेशी असेल तर डुक्कर झोपायची जागा आणि हगायची जागा कटाक्षानं वेगळी ठेवतं. दाटीवाटी झाली, फरशी तापली, पाणी मिळालं नाही, म्हणजेच अंग गार करायला दुसरा ओलावा उरला नाही, की ते स्वतःच्या मलमूत्रात लोळतं. त्या प्राण्याची म्हणून जी घाण आपण सांगतो ती बहुतेक वेळा माणसानं न पुरवलेल्या पाण्याची खूण असते. दुधावरच्या मादीला दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी प्यायला लागतं. दहा माद्या, एक नर आणि वाढती पन्नासेक पिल्लं धरली, धुण्याचं आणि अंगावर मारायचं पाणी मिळवलं, तर दिवसाचा हिशेब सात-आठशे लिटरवर जातो.

आता हे पाणी या मुलखात चैत्रात कुठून येतं ते पाहा. १९२२ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून घाटमाथ्याचं पाणी खाली सुटतं, त्यावर राजनाला कालवा चालतो आणि त्याच्या आसऱ्यानं कर्जत तालुक्यातला काही भाग उन्हाळी भात काढतो. कालव्याखालच्या गावाला चैत्र सुसह्य असतो. डोंगराला लागून असलेल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत मात्र त्याच महिन्यात बायका हंडे घेऊन उतार उतरतात, आणि कित्येक कातकरी कुटुंबं तर दिवाळीनंतरच वीटभट्टीवर गेलेली असतात. एकाच तालुक्यात काही कोसांच्या अंतरावर पाण्याची ही तफावत असेल, तर ‘कर्जत तालुक्यात वराहपालनाला वाव आहे’ हे वाक्य अर्थशून्य ठरतं. वाव आहे का, हे त्या त्या विहिरीच्या वैशाखातल्या पातळीवरून सांगता येईल. आणि ज्या वाडीत माणसाला पाणी हंड्यानं मोजून मिळतं तिथे शेजारच्या बोअरनं डुकरं न्हाऊ घालणं हा नुसता व्यवसायाचा प्रश्न राहत नाही.

पाण्याचा आणखी एक धागा खाद्याशी जोडलेला आहे आणि तो सहसा कोणी बघत नाही. कर्जत-नेरळ पट्ट्यात फार्महाऊसं आणि रिसॉर्टं वाढली. शनिवार-रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून उरलेलं अन्न पिंपांनी निघतं. डुकराला ते घालावं, कचरा कमी होईल, खाद्याचा खर्च वाचेल, असा सल्ला सहज दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही वसंतात जड जातात. पहिली अट उकळण्याची. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप मारतो. १९२१ मध्ये केनियातून त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं, २०१८ मध्ये तो चीनमध्ये शिरला, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पोचला आणि तिथून देशभर फिरला. तो फिरण्याची एक मोठी वाट म्हणजे खरकट्यातले कच्चे-अर्धे शिजलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. म्हणून प्रत्येक पिंप खळखळून, चांगलं अर्धा-पाऊण तास उकळायला हवं. म्हणजे मोठी कढई, चूल आणि फाटा, आणि तोही पावसाळ्यापुरता आत्ताच फोडून रचलेला. दुसरी अट पाण्याची. हॉटेलच्या अन्नात मीठ भरपूर असतं. पाणी मिळत असेल तर डुक्कर ते पचवतं. पाणी तुटलं की तेच मीठ मेंदूला चढतं. जनावर आंधळ्यासारखं भिंतीवर धडकतं, गोल फिरतं, झटके येऊन पडतं. पंप बंद पडलेला एक दिवस आणि रिसॉर्टचं खारट खरकटं यांचा मेळ बसला की फुकटच्या खाद्याचा हिशेब तिथेच संपतो.

तिसरं माप खताचं. एका मोठ्या डुकराचं मलमूत्र रोज चार-पाच किलो धरलं तरी दहा माद्यांच्या गोठ्याचा आठ महिन्यांचा ढीग किती होतो याचा अंदाज करता येईल. हे खत उत्तम आहे, पण कच्चं वापरायचं नाही. पेंढा, पातेरा, भाताचं तूस मिसळून ढीग केला, तो आतून पन्नास-साठ अंशांवर तापू दिला, उलथापालथ केली, की जंतांची अंडी आणि बरेचसे रोगजंतू मरतात आणि वैशाखअखेर काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत हाती येतं. ते राबाच्या जागेवर आणि खाचरात मृगाआधी पडायला हवं. हे काम ज्याच्याकडून राहिलं त्याचा ढीग पहिल्या मुसळधार पावसात वाहतो. आणि तो जातो कुठे? ओहोळातून उल्हासेत. त्याच उल्हासेचं पाणी पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण पितात. दहिवलीच्या वरच्या अंगाला ज्येष्ठात निष्काळजीपणा झाला तर त्याची किंमत खालच्या अंगाची लाखो माणसं देतात, आणि ज्यानं तो केला त्याच्या वहीत त्याची नोंदही होत नाही. म्हणून जमीन किती आहे हे माद्यांच्या संख्येशी बांधलेलं असावं. जेवढं खत आपल्या शिवारात मुरतं तेवढीच जनावरं. नेदरलँड्ससारख्या पुढारलेल्या देशात हा दंडक मोडला गेला, लहानशा देशात डुकरांची संख्या जमिनीला पेलवेना, आणि अखेर सरकारला पैसे देऊन डुक्करपाळ्यांना गोठे बंद करायला लावावे लागले. त्यांच्याकडे यंत्रं, कायदे, प्रयोगशाळा सगळं होतं. जमीन मात्र होती तेवढीच होती.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. सहा-आठ माद्यांत घर चालत नाही, धंदा करायचा तर मोठा करा, असं म्हणतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाची रचनाही त्याच विचारावर उभी आहे. पन्नास माद्या आणि पाच नर, किंवा शंभर माद्या आणि दहा नर असे एकक धरून प्रकल्प खर्चाच्या निम्मं, अनुक्रमे पंधरा आणि तीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. मोठ्या एककाचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. खाद्य घाऊक मिळतं, पगारी माणूस परवडतो, व्यापारी दारात येतो. पण शंभर माद्यांचा गोठा हा कुटुंबाचा गोठा राहतच नाही. तो कारखाना असतो, आणि त्याला कारखान्याचे नियम, सांडपाण्याची यंत्रणा, पशुवैद्य आणि विमा हे सगळं लागतं. शेतकरी कुटुंबाच्या नावावर कारखाना काढायचा आणि हात मात्र घरचेच वापरायचे, यात फसगत आहे. जोखमीचंही तेच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर एका गोठ्यात सापडला की एक किलोमीटरच्या त्रिज्येतली सगळी डुकरं मारून पुरावी लागतात. आठ माद्या गेल्या तर घर कर्जाशिवाय पुन्हा उभं राहू शकतं. शंभर गेल्या तर जमीन जाते. भात, दूध, कोंबड्या, वाल-चवळीचं पीक यांच्या जोडीला सहा-आठ माद्या, हे त्या घराचं उत्पन्न म्हणून तोकडं वाटेल, पण चार पायांवरचा एक पाय म्हणून ते भक्कम आहे. आणि भारतात डुकरं कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत ती ९० लाखांच्या घरात, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी निघाली. ही घट भरून काढायची तर मोजक्या प्रचंड गोठ्यांपेक्षा टिकणारे पुष्कळ लहान गोठे अधिक भरवशाचे.

दुसरा आक्षेप रोगाचा, आणि तो हलका नाही. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढतो आणि साचलेल्या पाण्यात पैदास होणारे डास तो माणसापर्यंत आणतात. भातखाचरं आणि डुकरं शेजारी असणं हे त्याला सोयीचं. फीतकृमीचं चक्रही डुकरातून जातं. पण या दोन्ही रोगांची साखळी नीट तपासली तर ती कुठे तोडायची ते दिसतं. फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. उघड्यावरचं मानवी मलमूत्र खाल्ल्याशिवाय डुकराला तो जंत लागत नाही, आणि ज्यांनी आयुष्यात मांस खाल्लं नाही अशांच्या मेंदूतही न धुतलेल्या हातांमुळे किंवा भाजीमुळे त्याच्या गाठी होतात. गोव्यात जुन्या घरांच्या परसात शौचकूपच डुकरांच्या आवाराला जोडलेले असत. ती सोय मोडीत निघाली हे योग्यच झालं, पण त्याच गोव्यात ‘अगोंदा गोवन’ ही देशी जात आज अधिकृत नोंद झालेली जात आहे. म्हणजे पद्धत टाकून जात राखता येते. बंदिस्त गोठा, उकळलेलं खाद्य, डबकी बुजवणं, गोठ्याला मच्छरदाणी, लसीकरण, जंताचं औषध, बाहेरच्या माणसाच्या पायाला चुना, मोहाच्या फुलांवर येणारी रानडुकरं लांब राहतील असं दुहेरी कुंपण, ही सगळी कामं पावसाआधीच्या तीन महिन्यांतली आहेत. रोगाचा मुद्दा डुक्कर पाळण्याविरुद्ध जेवढा आहे त्याहून अधिक तो झेपेल त्यापेक्षा जास्त पाळण्याविरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्यानं मांडत नाही, पण गावाच्या बैठकीत तोच सगळ्यांत जड असतो. डुक्कर आपल्याकडे नकोसं. विष्णूच्या वराह अवताराची पूजा करणारा समाज डुक्कर पाळणाऱ्या वडार-कैकाड्यांना गावाच्या कडेला ठेवत आला. गावची घाण डुकरांनी खावी, डुकरं त्यांनी सांभाळावीत आणि शिवताशिवत गावानं पाळावी, अशी ती वाटणी होती. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटात कैकाडी कुटुंबाला डुक्कर पकडायला लावणारं गाव बाहेर उभं राहून हसतं, तेव्हा ही वाटणीच हसत असते. आज तेच जनावर अनुदानाच्या यादीत आल्यावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळलं त्यांच्याकडे जमीन नाही, तारण नाही, म्हणून शंभर माद्यांचं एकक त्यांच्या वाट्याला येणं कठीणच. सहा माद्यांचं येऊ शकतं. दुसरीकडे ज्यांच्या धर्मात डुक्कर निषिद्ध आहे अशा मुसलमान शेजाऱ्याचा, किंवा माळकरी वारकऱ्याचा संकोच हा अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याचाही कोणाला अधिकार नाही. वस्तीपासून अंतर, पाणवठ्यापासून अंतर, आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो हे ध्यानात घेऊन वस्तीच्या पूर्वेला गोठा, एवढं तरी पाळलं पाहिजे. ते लहान गोठ्याला जमतं. मोठ्या गोठ्याचा वास अंतर जुमानत नाही.

चौथा आक्षेप मात्र माझ्याच मांडणीवर घ्यायला हवा. ‘घरचे हात’ म्हणताना ते हात कोणाचे असतात? पहाटे शेण-मूत काढून घमेली भरणं, हंड्यानं पाणी आणणं, कढईखाली जाळ घालणं, रात्री वेताशी बसणं, ही बहुतेक कामं बायकांच्या वाट्याला येतात आणि व्यापाऱ्याशी भाव करून पैसे मोजून घ्यायला पुरुष पुढे येतो. कौटुंबिक गोठा स्वस्त पडतो याचं खरं कारण कित्येकदा इतकंच असतं की घरातल्या बाईची मजुरी कोणी लिहीत नाही. लहान गोठ्याची बाजू घ्यायची तर हा हिशेब उघड करावाच लागेल. वैशाखातल्या कामाचे तास रोजगारानं मोजा, शेतमजुराचा चालू दर लावा आणि मग नफा काढा. कदाचित आठाऐवजी पाचच माद्या परवडतील असं निघेल. तसं निघालं तर पाचच पाळाव्यात. माझ्या म्हणण्याचा त्यानं पराभव होत नाही. हातांनी संख्या ठरवायची म्हटलं की त्या हातांची किंमतही त्यातच आली.

या सगळ्यातून निघणारी सूचना अगदी साधी आणि सरकारी कागदात बसण्यासारखी आहे. आपल्याकडे प्रकल्पांची पाहणी बहुधा दिवाळीनंतर ते मार्चअखेरपर्यंत होते, कारण आर्थिक वर्ष तेव्हा संपतं. हिवाळ्यात विहीर भरलेली असते, गोठा गार असतो, खत वाळलेलं असतं; तेव्हा शंभर माद्याही शोभून दिसतात. वराहपालनाची पाहणी वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुपारी दोन वाजता करावी. विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी, मादीच्या कप्प्यात तापमापक धरावा, खताचा खड्डा रिकामा झाला का ते पाहावं, लाकडाची रास मोजावी आणि घरातल्या बाईला तिच्या दिवसाचे तास विचारावेत. त्या दुपारी जेवढ्या माद्या कोरड्या जागी, सावलीत, शांत पडलेल्या सापडतील तेवढ्यांनाच अनुदान द्यावं. कागदावरचं एकक पाच ते आठ माद्यांवर येईल, काही गावांत शून्यावरही येईल. पण जे उरेल ते पाऊस काढेल.